अक्षर ओळखणारे शेजारी

आमचे पंचवटीतले शेजारी अक्षरावरून माणसाचा स्वभाव सांगायचे. माझी वाण्याची यादी पाहून म्हणाले, "काने आखूड काढता. हात आखडता असणार." आमच्या हिने लगेच दुजोरा दिला.

स्वतःच्या मुलीसाठी आलेलं एक चांगलं स्थळ त्यांनी, मुलाच्या ओळी खाली घसरतात, एवढ्यावरून नाकारलं. पुढे पिंपळगावची मंडळी मुलगी बघायला आली, तेव्हा मीही हजर होतो. पोहे झाल्यावर मुलाच्या वडिलांनी रिवाजाप्रमाणे तिच्यापुढे कागद ठेवला.

"बाळ, नाव-पत्ता लिहून दाखव."

तिच्याही ओळी घसरायच्या. शेजाऱ्यांनी शांतपणे कागद उचलून घडी घातली.

"राहू द्या हो. अक्षरावरून का माणूस कळतो?"

पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"ते पहिल्यापासून हेच सांगत आलेत," मी म्हणालो.