अंगठीवरचा ओरखडा

काल दादरला बांगड्यांच्या दुकानात तापलेल्या लाखेचा वास आला आणि मला खोताच्या वाडीतले फ्रान्सिस अंकल आठवले. त्यांच्याकडे मी धातूवर नावं कोरायला शिकत होते. ‘अजून पत्र्यावरच गिरव’ असं त्यांनी बजावलं होतं. तरी ते जेवायला गेल्यावर मी कोरताना हलू नये म्हणून लाखेत बसवलेली एक लग्नाची अंगठी कोरायला घेतली. छिन्नी घसरली आणि नावावर ओरखडा उठला.

संध्याकाळी अंगठीवाल्या बाई म्हणाल्या, “अंकल, तुमचा हात थरथरतो आता. बंद करा हे काम.”

“सॉरी बाय, घसरला माझा हात,” अंकल म्हणाले.

मी शेजारीच मान खाली घालून पत्र्यावर गिरवत होते. मला चक्क सुटल्यासारखं वाटलं.

बाई गेल्यावर ते म्हणाले, “उद्या लवकर ये. छिन्नी कशी धरायची, परत दाखवतो.”

मी पुन्हा गेलेच नाही.