बोलवायला येतात तो सीन

आई फक्त शाळेचे सिनेमे बघायची. टीव्ही लावला की रिमोट हातात धरून एकेक चॅनल मागे टाकत जायची आणि कुठे गणवेशातली पोरं, फळा किंवा प्रार्थनेची रांग दिसली की तिथे थांबायची. भाषा कुठलीही चालायची. भिवंडीच्या बाजारात वर्षानुवर्षं भाजी विकल्यामुळे हिंदी तिला चांगलं कळायचं, त्यामुळे दक्षिणेकडचे हिंदीत डब केलेले सिनेमेही ती मन लावून बघायची. त्यातला हिरो मास्तर असेल तर त्याची मारामारीसुद्धा सहन करायची.

आमचं गाव वडप्याच्या बाजूला, हायवेला लागून. जिथे आमचं भात पिकायचं तिथे आता गोदामं आहेत आणि त्या गोदामांच्या भाड्यावर भावाने बंगला बांधला. बंगल्यात भला मोठा टीव्ही आला. आई त्याच्यासमोर सोफ्यावर न बसता खाली फरशीवर बसायची, पुढ्यात सुपात तांदूळ नाहीतर निवडायला घेतलेला जवळा. बाबा तिची थट्टा करायचे. म्हणायचे, हिला यंदा दहावीला बसवू या, एवढा अभ्यास केलाय तर. ती हसायची, पण नजर पडद्यावरून हलवायची नाही.

अशा सिनेमांमध्ये एक सीन हमखास असतो. कुणीतरी मूल शाळेत यायचं थांबतं. मग बाई किंवा मास्तर त्याचं घर शोधत निघतात. गल्लीत कुणाला तरी पत्ता विचारतात, दाराशी येतात, मुलाची आई ओले हात पदराला पुसत बाहेर येते. तो सीन आला की आईच्या हातातलं काम थांबायचं. ती आवाज वाढवायची आणि कुणी मध्ये बोललं तर हातानेच गप्प करायची. सीन संपला की पुन्हा तांदूळ पाखडायला लागायची. पुढे तो मुलगा पहिला आला काय, नाही आला काय, तिला फारसं पडलेलं नसायचं.

मी भिवंडीत एका मराठी शाळेत आठवी ते दहावीला शिकवते. त्यामुळे मला वाटायचं की मुलगी शिक्षिका आहे म्हणून आईला हे सिनेमे आवडत असतील. खरं सांगायचं तर या समजुतीने मी थोडी खूशही असायचे.

बाबा गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली. मी लग्न केलेलं नाही. कामतघरला माझा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे आणि मागच्या बाजूला लूमचे, म्हणजे यंत्रमागाचे कारखाने. दिवसभर त्यांचा खटखटाट चालतो. आईला आधी त्या आवाजाने झोप यायची नाही, मग आवाज बंद पडला की तिला जाग यायला लागली. संध्याकाळी मी शाळेतून आले की आम्ही दोघी चहा घेऊन एखादा सिनेमा लावायचो. आई त्यात चुका काढायची. एकदा म्हणाली, "शिनेमातला मास्तर एकतर देव असतो, न्हाय तं राक्षस. तुझ्यासारखा मधला कोन नसतो का?"

मला हसू आलं, पण बोलणं खरं होतं. मीही मग चुका काढायला लागले. सिनेमातल्या बाईंच्या बोटांना कधी खडू लागलेला नसतो, त्यांचा घसा कधी बसत नाही, वर्गात एका वेळी एकच मूल दुःखी असतं. आई ऐकून घ्यायची. एक दिवस तिने विचारलं, "तू जातंस का अशी, पोरांच्या घरी?"

मी म्हटलं, जाते कधीकधी. पण आता पालकांचा ग्रुप असतो, त्यावर मेसेज टाकतो, फोन करतो.

"मोबाईलवर बोलवलं तं पोर येल का?" ती म्हणाली.

त्याच सुमारास माझ्या आठवीच्या वर्गातली एक मुलगी यायची थांबली होती. शांत मुलगी, भूमितीत चांगली. दिलेल्या नंबरवर फोन लागत नव्हता. आई रोज विचारायची, आली का ती? शेवटी एका शनिवारी शाळा लवकर सुटल्यावर मी तिच्या घरी जायचं ठरवलं, तर आई साडी बदलून दारात उभी. मी येते म्हणाली. मी नको म्हणायला गेले, चालायला लागेल, चाळीत जिने आहेत. तिने चपला घातल्याही होत्या.

घर चाळीत वरच्या मजल्यावर होतं. एकच खोली, खाली कारखाना, त्यामुळे जमीन सतत थरथरत होती. मुलगी दाराशीच बसली होती, मांडीवर वर्षभराचा भाऊ. मला बघून ती उभी राहिली आणि ओढणी सारखी करत राहिली. तिची आई लूमसाठी सुताच्या कांड्या भरायच्या कामावरून नुकतीच जेवायला आली होती. तिने सतरंजी अंथरली, आम्हाला पाणी दिलं. तिचं म्हणणं साधं होतं. नवरा लूमवर, त्याची ड्युटी कधी दिवसाची, कधी रात्रीची. आधी सासू होती, ती पोराला बघायची. सासू सोलापूरकडे गावी गेली. आता पोराला कोण बघणार? शाळा काय, पुढच्या वर्षी जाईल, असं ती म्हणाली. मी जे बोलायचं असतं ते बोलले. आठवीचं वर्ष, हुशार आहे, एकदा खंड पडला की मूल परत येत नाही. बाई मान डोलवत होती. असं मान डोलवणं मला चांगलं माहीत आहे, त्याचा अर्थ नाही असाच असतो.

आई तोवर मुलीच्या मांडीवरच्या पोराकडे बघत होती. तिने हात पुढे करून त्या बाळाला उचलून घेतलं आणि म्हणाली, "पोराला माझ्याकडं सोड. शाला सुटंपर्यंत मी बघीन."

मी आईकडे बघतच राहिले. तुमचं घर किती लांब, बाळ कुणाकडे राहत नाही, तुम्हाला कशाला त्रास, असं ती बाई म्हणत राहिली. आईने प्रत्येक गोष्टीला एवढंच उत्तर दिलं की मी घरीच असते, आणि शेवटी ती बाई तयार झाली.

परत येताना रिक्षात तिने मला तिची गोष्ट सांगितली. इतकी वर्षं मी तिची मुलगी, पण मला एवढंच माहीत होतं की आई तिसरी पास आहे. तिचं माहेर खाडीकाठचं. आजी-आजोबा पहाटे मिठागरावर जायचे. आई चौथीत होती तेव्हा मामा झाला. मग आई त्याला कडेवर घेऊनच शाळेत जायला लागली. तो रडायचा, पोरं हसायची, एकदा तर त्याने वर्गातच घाण केली. दुसऱ्या दिवशी ती लाजेने गेली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. तिला कुणी शाळा सोड म्हणून सांगितलं नव्हतं. तिला वाटलं, गुरुजी येतील. दुसऱ्या मुलांच्या घरी ते जायचे, तिने पाहिलं होतं. म्हणून ती रोज सकाळी शाळेचा फ्रॉक घालून, वेणी घालून ओट्यावर बसायची, मांडीवर मामाला घेऊन. घंटेचा आवाज घरापर्यंत यायचा.

"मना कोन बोलवाया आलाच न्हाय," आई म्हणाली. मग फ्रॉक आखूड झाला आणि तो मावसबहिणीला देऊन टाकला, असंही तिने सांगितलं, आणि रिक्षावाल्याला पुढच्या कोपऱ्यावर थांबायला सांगितलं.

सोमवारपासून ते बाळ आमच्याकडे यायला लागलं. मुलगी त्याला सोडून माझ्याबरोबरच शाळेत यायची. पहिले काही दिवस ते खूप रडलं. आईने त्याला भाताची पेज भरवली, साडीची झोळी बांधली, जुनी आगरी गाणी म्हटली. मी घरी यायचे तेव्हा दोघं टीव्हीसमोर बसलेले असायचे आणि समोर कुठली तरी शाळा चालू असायची. बाळ घंटेच्या आवाजाला टाळ्या वाजवायला शिकलं होतं. मुलगी वर्गात मागे पडली होती, पण हळूहळू सावरत होती. बाळाला घरी न्यायला आली की आई तिला आज काय शिकलीस ते विचारायची आणि ती सांगायची ते सगळं ऐकून घ्यायची. त्या दिवसांत आई जितकी आनंदी होती तितकी मी तिला कधी पाहिली नव्हती.

दिवाळीनंतर लूमचा धंदा बसला. आमच्या मागचे कारखाने आठवड्यातले काही दिवस बंद राहायला लागले, मग एक कायमचाच बंद झाला. मुलीच्या बापाचं काम गेलं. ते लोक गावी परत निघाले. जायच्या आदल्या दिवशी मुलीची आई दोन्ही पोरांना घेऊन आमच्याकडे आली. मी दाखला करून देते म्हणाले, गावातल्या शाळेत नाव घाला म्हणाले. ती हो हो म्हणत राहिली. मुलगी माझ्या आईच्या पाया पडली. आईने बाळासाठी तांदळाचं पीठ बांधून दिलं, आणि त्याला पेज कशी करायची ते मुलीच्या आईला न सांगता मुलीलाच समजावून सांगितलं. गावीही बाळाला तीच सांभाळणार हे ते ऐकताना कळलं आणि मला फार वाईट वाटलं. आईच्याही ते लक्षात आलं असावं, कारण बोलता बोलता ती मध्येच थांबली.

दाखला न्यायला कुणी आलं नाही. मी फोन करत राहिले, मग तो नंबर बंद झाला. आई काही दिवस विचारत होती. पुढे तिनेच विचारायचं सोडलं आणि बरेच महिने तिने एकही सिनेमा लावला नाही.

पुढच्या वर्षी आईचं पोटाचं दुखणं निघालं. कळलं तेव्हा उशीर झाला होता. काही महिने औषधोपचार झाले, मग डॉक्टरांनीच सांगितलं की आता घरी न्या, त्रास देऊ नका. ती अंथरुणाला खिळल्यावर मी रजा घेतली आणि दुपारी तिच्या उशाशी मोबाईल टेकवून पुन्हा सिनेमे लावायला लागले. गोळ्यांमुळे तिला मध्येच झोप लागायची. जागी झाली की विचारायची, "गेली का ती त्याच्या घरी?" मी गेली म्हणून सांगायचे. एका सिनेमात कुणीच जात नव्हतं, तरी मी गेली म्हणूनच सांगितलं, आणि कशी गेली, कुणाला घर विचारलं, तेही रचून सांगितलं.

मामा दर आठवड्याला भेटायला यायचा. तो शिकला, सरकारी नोकरीत लागला, आता निवृत्त होऊन घरी असतो. एकदा आई झोपली असताना मी त्याला तिची ती शाळेची गोष्ट सांगितली. मला वाटलं त्याला ठाऊक असेल. तो ऐकत होता आणि त्याचा चेहरा बदलत गेला.

"गुरुजी आलेले," मामा म्हणाला.

आजीने तिच्या शेवटच्या दिवसांत त्याला सांगितलं होतं. आई त्याला घेऊन विहिरीवर गेली असताना गुरुजी घरी आले होते. आजीने त्यांना सांगून टाकलं की पोरगी आता मावशीकडेच राहणार, तिचं लग्न पण तिकडेच बघणार. गुरुजी निघून गेले. आजीने हे आईला कधी सांगितलं नाही, आणि मामालाही बजावलं की तिला सांगू नकोस. मामा माझ्यासमोर रडला. म्हणाला, माझ्यापायी झालं सगळं. मी त्याला म्हटलं, तू तेव्हा तान्हा होतास.

सांगावं की नाही, याचा मी दोन-तीन दिवस विचार केला. मामा म्हणत होता, आता कशाला. मला वाटत होतं, जिने आयुष्यभर गुरुजींची वाट पाहिली तिला निदान कळावं. शेवटी एका दुपारी तिला जरा बरं वाटत होतं तेव्हा मी सांगितलं. तिला उठून बसवलं, पाठीशी उशी दिली आणि जसं मामाने सांगितलं तसंच सांगितलं.

मला वाटलं ती आजीवर चिडेल, किंवा रडेल. ती म्हणाली, "कवाचे आलेले? सकालचे का?"

मी म्हटलं, ते मामाला माहीत नाही.

"टोपी घातलेली असल त्यांनी." मग थोड्या वेळाने, "आयनं पानी तरी दिलं असल का गो त्यांना? उन्हातून आलेले."

मी दिलं असेल म्हटलं. तिने मान हलवली. तिला पटलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत ती पुन्हा पुन्हा त्याच गोष्टीवर येत राहिली. विहीर काही लांब नव्हती, म्हणाली. हाक मारली असती तरी ऐकू आली असती.

त्यानंतर तिने सिनेमा लावायला सांगितलं नाही. मी एकदा लावला तर बंद कर म्हणाली. मी बरं केलं की वाईट, हे मला आजही सांगता येत नाही. महिन्याभरात ती गेली. गणपती नुकतेच उठले होते.

तिचे दिवस झाल्यावर मामा मला घेऊन त्यांच्या गावी गेला. गुरुजींचं कुणी असलं तर भेटू, असं त्याच्या मनात होतं. शाळेच्या जागी आता नवी इमारत आहे. गावातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना गुरुजी आठवत होते, उंच होते म्हणाले, गणेशपुरीकडून यायचे, मग त्यांची बदली झाली. कुठे, ते त्यांना ठाऊक नव्हतं. कशासाठी शोधताय, त्यांनी विचारलं. मामाने माझ्याकडे बघितलं. त्यांनी चहा केला, तो घेतला आणि आम्ही परत निघालो.