पाचव्या बारानंतर कोण म्हणालं ‘बस’?

सन दोन हजार तेवीस. माझं वय तेव्हा एकाहत्तर. आधीच सांगून ठेवतो – भूतखेत, करणी, सावली, यातलं काहीही मी मानत नाही. तेव्हा मानत नव्हतो, आजही मानत नाही. मशीनवर आयुष्य गेलेला माणूस आहे मी. आवाज आला की तो कुठल्या बेअरिंगमधून आला ते शोधायचं, एवढंच मला माहीत. पण हा एक आवाज असा आहे की त्याचं बेअरिंग मला अजून सापडलेलं नाही... म्हणून ग्रुपवर लिहितोय. एका बोटाने टाइप करतोय, चुका झाल्या तर हसा खुशाल.

मी पास्कल, वसईचा. शाळा चौथी, तीही अर्धी. आखातात, रास अल खैमात, टाइल्सच्या कारखान्यात बावीस वर्षं प्रेस मशीन चालवलं. त्या मशीनने माझा डावा कान घेतला. अर्धामुर्धा नाही, पूर्ण. डाव्या बाजूला ताशा वाजवलात तरी मला नुसती हवा लागेल. हे लक्षात ठेवा.

कारखाना सुटल्यावर मुलगी शेरॉन – ती शहरात, अल मनखूलला राहते – म्हणाली, आता माझ्याकडे या. मी म्हटलं, तुझ्या दोन खोल्यांत मी काय दिवसभर लिफ्ट मोजू? तेवढ्यात मला अर्बाब भेटला. अर्बाब म्हणजे मालक. त्याचं नाव सैफ, इथला मूळचा अरब, डोंगराच्या पायथ्याशी त्याची खजुराची बाग. त्याला एकच वेड – जुनी फौजी रिव्हॉल्व्हरं. रीतसर लायसनची, एकेकाचा नंबर सरकारात नोंदलेला. ती गंजलेली, अडकलेली आणायची आणि मी ती जिवंत करायची. अरबीत ‘प’ नाही, म्हणून त्याच्या तोंडी मी बास्कल. पहिल्या महिन्यात राग यायचा, मग सोडून दिलं.

त्या वर्षी डिसेंबरात तो एक ब्रिटिश फौजेचं रिव्हॉल्व्हर घेऊन आला. १९१७ चा शिक्का. मधून मोडणारं – म्हणजे नळी खाली दाबली की अख्खं रिव्हॉल्व्हर बिजागरीवर उघडतं आणि रिकामी काडतुसं आपोआप बाहेर उडतात. काय डोकं लावलंय बनवणाऱ्याने! पण हे उघडेल तर ना. गंजून दगड झालेलं.

अर्बाब म्हणाला, “बास्कल, मेरा बाबा के पास ऐसा ही था, फौज में. ये मेरे को चलाना है. अपने हाथ से.”

मी म्हटलं, “चलेगा.”

“इन्शाल्ला बोलो.”

“इन्शाल्ला भी चलेगा, पर मेरे हाथ से चलेगा.”

तो हसला. मी हसलो नाही, मी खरं तेच बोललो होतो.

तीन आठवडे ते तेलात ठेवलं. कोणी म्हणेल ग्राइंडर मारा, तासात चकचकीत. मग शिक्के जातील, नंबर जाईल, उरेल लोखंडाचा तुकडा. मी तांब्याच्या पट्टीने गंज काढला, नखाएवढा नखाएवढा. एकविसाव्या दिवशी सकाळी अंगठ्याने खटका दाबला आणि ते उघडलं... कट्! अहो, शंभर वर्षांपूर्वीचा तो आवाज! मी एकटाच बागेतल्या शेडमध्ये ओरडलो. बाहेरची शेळी दचकली असेल. चक्री फिरवली – सहा घरं, सहा टिक, घड्याळासारख्या. त्या दिवशी मी जेवलोच नाही, राहूनच गेलं.

मग काडतुसांचा प्रश्न. नळीच्या या जुन्या मापाची तयार काडतुसं इथे मिळायची मारामार. नेमबाजीच्या रेंजवर ती भरायची परवानगी होती, ते काम माझं. पन्नास भरली. रेंजवरचा अधिकारी शौकत, पेशावरचा, मिशीत बोलणारा माणूस. त्याच्या परवानगीशिवाय तिथे माशीसुद्धा उडत नाही. तो इलेक्ट्रॉनिक काटा घेऊन आला.

“चाचा, एक एक तोल लेते हैं. किसी में दारू रह गई तो?”

काडतुसात दारू भरायची राहिली, तर नुसत्या बुडाच्या टोपीच्या ठिणगीने शिसं पुढे सरकतं आणि नळीतच अडकतं. त्यामागून दुसरा बार उडवला की नळी फुटते आणि धरणाऱ्याचा हात जातो. हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. मला तर रागच आला.

“शौकत, तू पैदा नहीं हुआ था तब से मैं हाथ से नापता हूँ. मेरा हाथ ही काँटा है.”

“अर्बाब का हाथ है, चाचा. आपका नहीं.”

“यल्ला, जा. चाय पी.”

तो गेला. अर्बाबने माझ्यावर सोडलं आणि मी माझ्या हातावर.

आदल्या दिवशी रिव्हॉल्व्हर शिकंज्यात बांधून लांबून दोरीने सहा बार काढले. सहाच्या सहा मस्त! मी शौकतकडे बघून भुवई उडवली. 

दुसरा दिवस शनिवार, सकाळी दहा. जागा नीट सांगतो. डोंगराच्या कुशीत उघडी रेंज, वर पत्रा, पाच लेन. आम्ही तिसऱ्या लेनमध्ये. चौथ्या लेनमध्ये दोन लेबनानी पोरं पिस्तुलं चालवत होती, धडाधड. अर्बाब मधे, मी त्याच्या उजवीकडे एक पाऊल मागे. म्हणजे माझी डावी बाजू त्याच्याकडे. शौकत तीन हात मागे, अर्बाबने सांगितलं म्हणून मोबाइलवर व्हिडिओ घेत होता. तिघांच्याही कानांवर जाड इअरमफ. त्यांतून माझ्या उजव्या कानाला बार ऐकू येतो तो लांब कोणी दार आपटल्यासारखा. माणसाचं बोलणं? अजिबात नाही. तिथे आम्ही हातवारेच करतो.

मी अंगठ्याने नळीवर क्रूस काढला. अर्बाब बिस्मिल्ला म्हणाला – ओठांवरून कळलं. आणि सुरुवात.

पहिला बार! हातात झटका, पुठ्ठ्यात भोक, काळ्या वर्तुळाच्या आत! दुसरा... तिसरा... अर्बाब लहान मुलासारखा माझ्याकडे वळून बघत होता. माझे तर पाय जमिनीवर नव्हते. शंभर वर्षांचं म्हातारं लोखंड आणि एकाहत्तर वर्षांचा मी, दोघंही चालू! चौथा. मग पाचवा, त्याच वेळी शेजारच्या पोरांनीही तीन-चार उडवले, सगळा एकच धडाका. अर्बाबने सहाव्यासाठी घोडा चढवला.

आणि माझ्या डाव्या कानात कोणीतरी म्हणालं – “बस.”

डाव्या. मेलेल्या कानात. वर मफ. ओरडून नाही, घाबरून नाही. पाटावर बसायला सांगतात तसं... “बस.”

आणि मी बसलो! विचारबिचार केला नाही. एकाहत्तराव्या वर्षी सिमेंटवर मांडी घालून मटकन बसलो.

खालून वर बघतो तर अर्बाबचं बोट चापावरून निघालेलं, घोडा हळूच उतरवलेला, आणि तो मागे वळून बघतोय. माझ्याकडे नाही, माझ्या डोक्यावरून मागे. मग त्याला मी खाली दिसलो. त्याला वाटलं माझं हार्ट गेलं. रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवून तो खाली वाकला. शौकतने हात वर करून सगळ्या लेन बंद केल्या, सगळ्यांनी मफ काढले.

“बास्कल! क्या हुआ? अस्पताल?”

“कुछ नहीं. किसने बोला बैठने को?”

अर्बाब म्हणाला, “बैठने को? किसी ने बोला ‘बस’. मैंने रुक गया.”

बघा आता. आमच्या मराठीत बस म्हणजे खाली बस. त्यांच्या अरबीत बस म्हणजे पुरे, थांब. एकच शब्द – मी बसलो आणि तो थांबला.

“शौकत, तूने बोला?”

“अल्लाह कसम, मैं तो वीडियो बना रहा था. चाचा, अर्बाब ने आपका नाम लिया होगा, बास्कल. आधा सुना आपने.”

“मैंने मुँह नहीं खोला,” अर्बाब म्हणाला. “और फिर मैंने किसका सुना?”

शौकतने मान हलवली आणि सवयीप्रमाणे रिव्हॉल्व्हर उघडलं, नळी उजेडाकडे धरली.  मग माझ्यापुढे धरली. नळीतून उजेड येत नव्हता. पाचव्या बाराचं शिसं मधोमध अडकलेलं. शेजारच्या धडाक्यात आणि खुशीच्या भरात आपला बार फुसका गेला हे आम्हाला कळलंच नव्हतं. त्याच्यामागे सहावं काडतूस तयार होतं, पूर्ण भरलेलं.

अर्बाबने आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. बोटं उघडली, मिटली. “अल्हम्दुलिल्ला,” एवढंच. मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

माझी चूक कुठे झाली तेही तिथेच बसल्या बसल्या आठवलं. काडतुसं भरताना अर्बाब कहवा, म्हणजे त्यांची कॉफी, घेऊन तिथे रेंजवर आला होता. मालक आला की मी उठून उभा राहतो, सवयच ती. कहवा पुरे झाला की कप हलवायचा असतो, नाहीतर वाढणारा ओततच राहतो. मी रिव्हॉल्व्हरच्या गप्पांत कप हलवायचा विसरलो, चार कप झाले. परत बसलो तेव्हा ‘ही ओळ झाली’ असं समजून पुढच्या ओळीला हात घातला. आधीच्या ओळीचं शेवटचं एक दारूविना राहिलं असणार.

व्हिडिओ आम्ही तिघांनी वीस वेळा तरी पाहिला. चार मोठे बार ऐकू येतात. पाचव्याच्या जागी शेजारच्यांचा गोंगाट आणि त्याखाली खोकल्याएवढा फट्. मग दोन सेकंद शांत. शब्द नाही. कुजबुजही नाही. पण त्या दोन सेकंदांत मी खाली जातो आणि अर्बाबचं बोट सुटतं – एकदमच. मी आधी बसलो आणि ते बघून तो थांबला, असंही नाही. तो पुढे बघत होता, मी मागे होतो.

शेरॉनला फोनवर सांगितलं तर म्हणते, “डॅडी, इट्स जस्ट स्ट्रेस.” मी म्हटलं, दोघांना एकदम, एकाच शब्दाचा स्ट्रेस? तर म्हणते, “डॅडी, प्लीज, कम होम.” कानाच्या डॉक्टरला विचारलं, मेलेल्या कानात कधीकधी नस वाजते म्हणाला. वाजत असेल. पण अर्बाबचे दोन्ही कान चांगले आहेत, त्याच्या कानात माझी नस कशी वाजली? चर्चमधल्या फादरना विचारलं नाही, ते लगेच देवदूत म्हणतील आणि मला ते पटणार नाही. तुम्हाला कोणाला सुचत असेल तर लिहा. आवाज पुरुषाचा की बाईचा, तेवढंसुद्धा मला सांगता येत नाही. अर्बाबलाही येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, रेंज उघडायच्या आधी, मी उरलेली एकोणचाळीस काडतुसं ट्रेमध्ये घेऊन शौकतच्या टेबलापाशी गेलो. तो चहा पीत होता. मी खुर्ची ओढली, ट्रे त्याच्यापुढे सरकवला आणि म्हटलं, “शौकत, काँटा निकाल. आँकड़ा तू पढ़, मैं लिखता हूँ.”