वीतभर कोट

बुधवारी सकाळी ऑफिसात मीटिंग चालू असताना पद्मम्मांचा फोन आला. राजाजीनगरला अक्काच्या शेजारी राहतात त्या, भिंतीला भिंत लागून. त्या मला एरवी कधी फोन करत नाहीत, म्हणजे... कळलंच मला. "मालती, बेग बा," एवढंच म्हणाल्या. लवकर ये. आता लवकर जाऊन मी काय करणार होते? एचएसआर लेआउटहून पोचायला दीड तास लागला, आणि अक्का तर सकाळी देवाची फुलं काढता काढता पायरीवर टेकली ती तशीच गेली होती. माझी चुलत बहीण सुशीला, माझ्याहून सोळा वर्षांनी मोठी. महिना उलटून गेला आता. भेटायला येणारे विचारतात, शेवटचं कधी बोललीस गं तिच्याशी, कधी भेटलीस? मी म्हणते, गौरीच्या सणाला भेटले, आणि चहा ठेवायला उठते. नवरात्रात तिनं मला रोज बोलावलं होतं आणि मी गेले नव्हते. का गेले नाही ते कुणाला सांगितलेलं नाही, ते इथं लिहिते.

आमचे लोक बंगळूरचे कधी झाले ते कुणाला धड सांगता येत नाही. घरात मराठी, दारात कन्नड, भांडताना दोन्ही. मी कोलारहून कॉलेजसाठी आले ती अक्काच्या घरी. तिला मूल नव्हतं, त्यामुळे रागवायला मीच होते. पुढच्या खोलीत खिडकीपाशी तिचं शिलाई मशीन, आणि तिच्या तोंडात कायम दोन टाचण्या. त्या टाचण्या तोंडात धरूनच ती बोलायची, आणि आम्हाला सगळं कळायचं. चिकपेटला कापड घ्यायला गेली की दुकानदाराला आधी गोड "अण्णा" म्हणायची आणि मग तासभर त्याचा जीव खायची. कापड मुठीत चुरगाळून कानाशी धरायची. काय ऐकतेस म्हटलं तर म्हणायची, "गप बस, तुला नाही कळायचं." भावजी, म्हणजे अक्काचे यजमान, तिच्या अगदी उलट. छापखान्यात नोकरी, बोलणं स्वल्पच. तपकिरी कोट घालून स्कूटरवर निघायचे. त्या कोटाची मागची चीर वाऱ्यानं उडायची आणि एकदा कॅरियरमध्ये अडकून भावजी रस्त्यावरच आडवे झाले. गुडघे फुटले. अक्कानं त्यांना हळद लावली आणि त्याच दुपारी कोटाची चीर शिवून टाकली. तेव्हापासून तो कोट मागून सरळसोट.

दसऱ्याला आमच्याकडे गोंबे मांडतात, कन्नड घरांत मांडतात तशाच. पायऱ्या लावून त्यांवर बाहुल्या, आणि सगळ्यांत वरच्या पायरीवर लग्नात माहेरहून मिळालेली लाकडी राजा-राणीची जोडी. चार वर्षांपूर्वी भावजी गेले. त्या वर्षी ट्रंक उघडली तर राजाला वाळवी लागलेली. वरून रंग शाबूत, आत भुसा. अक्काच्या हातातच त्याचे दोन तुकडे झाले. ती रडली वगैरे नाही. "राणीला एकटीला कशाला उभी करू?" म्हणाली आणि ट्रंक पलंगाखाली ढकलली. त्यानंतर त्या घरात गोंबे मांडल्या गेल्या नाहीत.

यंदा श्रावणात आमच्या ऑफिसात एक खूळ आलं होतं. आपला फोटो एआयला द्यायचा, की तो त्याची बाहुली करून दाखवतो. चकचकीत, टेबलावर उभी, मागे खोक्यावर आपलं नाव. सगळे आपापल्या बाहुल्या एकमेकांना दाखवत होते. जेवणाच्या सुट्टीत मीही केली, आणि मग काय सुचलं कोण जाणे, भावजींचा स्कूटरपाशी उभा असलेला फोटो घातला. दोन मिनिटांत भावजी टेबलावर उभे. तपकिरी कोट, उजव्या मनगटावर घड्याळ, ती किंचित वाकडी मान. मी ते चित्र अक्काला पाठवून दिलं. पाठवण्याआधी एक ओळ लिहायला काय झालं होतं मला?

पाच मिनिटांत फोन. "मालू, कुणी केली गं ही?"

"अगं, कंप्युटरनं केलीय."

"मग काय झालं, आता सगळं कंप्युटरच करतो की. काय मान काढलीय! अस्सेच उभे राहायचे. टेबल नवीन घेतलंस का? सरी, बरं, ते असू दे. कधी आणून देतेस?"

मी म्हणणार होते, अक्का, असली बाहुली नाहीच आहे, ते टेबलही नाही. पण ती बोलतच सुटली. ट्रंक काढायला हवी, फळ्या पुसायला हव्यात, राणीला नवीन लुगडं. चार वर्षांत तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता. मी म्हटलं, आणते. एक शब्द. त्या शब्दाची मला आजही लाज वाटते.

वाटलं होतं, खरीच बाहुली करून घेऊ, हाय काय अन् नाय काय. प्लास्टिकच्या बाहुल्या छापून देणारा एक जण शोधला. तो म्हणाला, चारही बाजूंचे फोटो लागतील, नाहीतर चेहरा यायचा नाही. भावजींचा पाठमोरा फोटो कुठून आणू? पाठीचा फोटो काढतं का कुणी? अक्काचे फोन चालूच होते. मी म्हटलं, रंग ओला आहे. मग म्हटलं, खोकं यायचंय. मग तिला गप्प करायला त्या चित्राचा व्हिडिओ करून पाठवला. त्यात बाहुली गोल फिरते, हसते, हात हलवते. भावजींची पाठ त्या यंत्रानं आपल्या मनानं बनवली होती.

अक्कानं तो किती वेळा पाहिला असेल देव जाणे. "हसणं त्यांचं नाही," ती म्हणाली. मला वाटलं, चला, आता कळलं हिला. पण ती पुढं म्हणाली, "आणि कोटाला मागं चीर ठेवलीय बघ मेल्यानं. करणाऱ्याला काय माहीत म्हणा. ते मी बघते. उंच किती आहे गं?"

"असेल वीतभर."

"वीत तुझी की माझी?"

"माझी," मी म्हटलं. एकदा खोटं सुरू झालं की त्याची मापंसुद्धा द्यावी लागतात.

गौरीला गेले तेव्हा खरं सांगायचंच ठरवून गेले होते. वाक्य तयार होतं. मेट्रोत दोनदा पुटपुटलंसुद्धा. पण पुढच्या खोलीत पायऱ्यांच्या फळ्या धुऊन उभ्या केल्या होत्या, राणी उन्हात बसली होती, आणि अक्का सगळ्या घरभर फिरत होती. तिनं मला होळिगे, म्हणजे आपली पुरणपोळी, वाढली, वर तूप ओतलं. मग माझा हात ओढून वर्तमानपत्रावर पसरला आणि अंगठ्यापाशी नि करंगळीपाशी पेन्सिलीनं खूण केली. "हे कशाला?" "आहे माझं काहीतरी. तू जेव." मी जेवले. खाली मान घालून दोन होळिगे खाल्ल्या आणि घरी आले.

नवरात्रात पहिल्या दिवशी सकाळी फोन. "वरची पायरी मांडलीय. राणीशेजारी जागा ठेवलीय." मी म्हटलं, ऑफिसात काम आहे. दुसऱ्या दिवशी ट्रॅफिक. मग सर्दी. अष्टमीला मी फोन उचललाच नाही. दसऱ्याला उचलला, तर ती रागावली नव्हती. तेच जास्त लागलं. "काही घाई नाही गं, तुझ्या सवडीनं ये. मी आहेच की," म्हणाली.

त्या बुधवारी सगळं आटोपल्यावर मी पुढच्या खोलीत गेले. दसरा होऊन आठवडा होत आला होता. दसऱ्याच्या रात्री बाहुल्या निजवायच्या आणि दुसऱ्या दिवशी आवरून ट्रंकेत ठेवायच्या, ही रीत. अक्का रीतीची पक्की. पण गोंबे तशाच उभ्या होत्या. सगळ्यांत वर राणी, नव्या लुगड्यात. आणि तिच्या शेजारी एक छोटा तपकिरी कोट. स्टीलचा पेला उपडा ठेवून त्यावर चढवलेला, नीट उभा. कॉलर, खिसे, मोहरीएवढी बटणं. पद्मम्मा मागे येऊन उभ्या राहिल्या. "मी विचारलं, अजून का काढल्या नाहीस? तर म्हणाली, मालू यायचीय," त्यांनी सांगितलं. "आणि हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीला सांगायची, कोट आलाय, माणूस यायचाय."

मी तिथंच खाली बसले. पद्मम्मांना वाटलं मला बहिणीचं दुःख झालंय. ते तर होतंच.

बाहुल्या मीच आवरल्या, एकेक जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून. राणीला शेवटी निजवलं. कोट मात्र ट्रंकेत ठेववला नाही. तो माझ्याकडे आहे, पेल्यासकट, इथं खिडकीत. मी वीत लावून पाहिली. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत बरोबर बसतो, तसूभर इकडे नाही की तिकडे नाही. फोनमधली बाहुली अजून आहे, ती पुसवत नाही. बोट लावलं की गोल फिरते आणि पाठ दाखवते, आणि दर वेळी त्या कोटाची चीर उघडीच असते. मग मी खिडकीतला कोट उचलून मागून बघते. अक्कानं आधी त्याला चीर ठेवली होती, आणि मग बारीक टाके घालून ती शिवून टाकली होती.