सोसायटीच्या ओसरीवरचं ब्लडप्रेशर

परदेशी पैशावर चाललेल्या त्या तपासणीची मला आजही किळस येते. मोजण्याला माझा विरोध नाही. आमच्या विहिरीचं पाणी दर सोमवारी दोर सोडून मोजणारा मी माणूस. पण मोजायचं तर खरं मोजावं.

दुष्काळाचं साल होतं. गावात टँकर, शिवारात काम नाही. कधी ऊसतोडीला न गेलेली घरंही मुकादमाकडे नाव घालत होती. त्यात माझी धाकटी बहीण, गावातच दिलेली, आणि तिचा नवरा. तोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बाई आजारी निघाली की मुकादम सरळ दुसरी जोडी बघतो.

बहिणीचं डोकं सारखं दुखायचं, म्हणून तिला वडवणीला दवाखान्यात नेलं. ब्लडप्रेशर एकशे नव्वद, एकशे दहा. रोजची गोळी लिहून दिली आणि ओझं उचलू नका म्हणून बजावलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत संशोधनवाल्यांची गाडी याही वर्षी आली. ठरलेल्या लोकांचं ब्लडप्रेशर दरवर्षी मोजायचं आणि आकडे परदेशी पाठवायचे, एवढंच त्यांचं काम. जागा दिली गावच्या शेती सोसायटीच्या चेअरमननी, सोसायटीचीच ओसरी. मुकादम हा चेअरमनचा पुतण्या, पण परगावचा; आमच्या बायका त्याला यादीतल्या नावानंच माहीत, तोंडओळख नाही. तो तिथंच बाकावर चहा पीत बसलेला. एक मुलगी दंडाला पट्टा बांधून आकडा मोठ्याने सांगायची, तिचा जोडीदार तो टॅबमध्ये भरायचा.

बहिणीचं नाव पुकारलं, आणि उठली शेजारची नवी सून. आधार कार्ड बहिणीचं, हात सुनेचा.

"फोटो वेगळा दिसतोय," मुलगी म्हणाली.

"त्या फोटूत माझा नवराबी मला वळखायचा न्हाई, ताई!"

ओसरी हसली. एकशे सोळा, चौऱ्याहत्तर. मुकादमाने समाधानाने मान हलवली.

बहीण माझ्यामागे उभी होती. "दादा, गप ऱ्हावा. पाया पडते. कोयता गेला तर खावं काय आमी?"

मी तिचं नाव घेतलं नाही. पण त्यांच्या मोठ्या डॉक्टरांना गाडीजवळ गाठलं. "साहेब, मुकादमासमोर कोणती बाई खरा हात पुढं करील? शाळेत बसा, एकेकीला आत बोलवा."

"जागा बदलली तर मागच्या वर्षाशी तुलना बिघडते," ते म्हणाले. "आणि तुमच्या गावाचे आकडे तर छान आलेत."

मग चेअरमननी त्यांना शाल-नारळ दिला. फोटो निघाले.

दिवाळीनंतर बहीण कारखान्याला गेली. गोळ्या मी पिशवीत बांधून दिल्या होत्या. त्या संपल्यावर उसाचा फड सोडून मेडिकल गाठायला तिला कोण सोडणार? हंगाम संपायच्या आधीच तिला जीपमध्ये आडवी घालून आणलं. डावं अंग गेलेलं, बोलणं जड.

पुढच्या वर्षी तीच गाडी आली. बहिणीला ओसरीपर्यंत चालता येईना, म्हणून तीच मुलगी घरी आली. टॅबमध्ये पाहून म्हणाली, "मागच्या वेळी तर अगदी नॉर्मल होतं यांचं."

बहिणीने उजव्या हाताने निर्जीव डावा हात उचलला आणि तिच्यापुढे ठेवला.

"बांध, बाई. आता मुकादम इचारत न्हाई."

मुलीने पट्टा बांधला, आणि सवयीने आकडा मोठ्याने सांगितला.