न आलेल्यांची नावं

ज्या सोमवारी मी आखाडा बाळापूर सोडलं, त्या दिवशी आई-बाबा मला एसटीच्या थांब्यावर पोचवायला आले. बाबा शिंपीकाम करायचे, आणि रविवारी एका पत्र्याच्या खोलीत आमच्या मूठभर ख्रिस्ती घरांची उपासना चालवायचे. पगार नाही, पाळकाचा झगा नाही. आठवडाभर मशीनवर वाकलेला माणूस रविवारी बायबल घेऊन उभा राहायचा, एवढंच. त्यांचा पोरगा आता पुण्याला बायबल कॉलेजात शिकून रीतसर पाळक, म्हणजे पास्टर, होणार होता. नांदेडची गाडी आली. आईनं भाकरीचं गाठोडं खिडकीतून माझ्या मांडीवर टाकलं, आणि बाबा म्हणाले, "शमू, येत्या रविवारी तुझं नाव घ्यावं लागंल मला. वाईट वाटून घेऊ नको."

हे नाव घेणं म्हणजे काय, ते बाळापूरबाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्याकडं शेवटची प्रार्थना झाली तरी कुणी उठायचं नाही. बाबा डोळे मिटून त्या दिवशी न आलेल्यांची नावं घ्यायचे, आठवून आठवून, एकेक. प्रत्येक नावानंतर थांबायचे. मग बसलेल्यांपैकी कुणीतरी म्हणायचं, "मी जातो." त्यानं त्याच दिवशी त्या घरी जायचं, "आला न्हाईस आज" असं म्हणायचं आणि समोरचा काय सांगतो ते ऐकून घ्यायचं. रागवायचं नाही, उपदेश तर मुळीच करायचा नाही. कुणाची म्हैस व्यायलेली असायची, कुणाला ताप असायचा, कुणी नवराबायको भांडून दोन खोल्यांत तोंड फिरवून बसलेले असायचे. शेवटचं नाव कुणी उचलेपर्यंत सगळे बसून. आम्हा लेकरांच्या पोटात कावळे ओरडायचे, आणि ज्याचं नाव कुणी उचलत नाही त्या माणसाचा मला असा राग यायचा की विचारू नका.

मी गेल्यावरच्या पहिल्या रविवारी बाबांनी माझं नाव घेतलं. आई म्हणाली, "मी जाते." मंडळी हसली म्हणे. पुणं काय पलीकडच्या गल्लीत आहे? पण आई एसटीडीच्या बूथवर गेली आणि हॉस्टेलला फोन लावला. "आला न्हाईस आज."

"अगं आई, मी पुण्यात आहे."

"ते ठावं हाय मला. जेवलास का?"

पुढं मोबाइल आले, माझं लग्न झालं, भोसरीची मंडळी, म्हणजे तिथलं चर्च, माझ्याकडं सोपवलं गेलं, डोक्यावरचे केस विरळ झाले. रविवारी दुपारचा आईचा फोन मात्र त्याच वाक्यानं सुरू व्हायचा. मला ती तिची थट्टा वाटायची. मीही हसून म्हणायचो, पुढच्या रविवारी नक्की.

भोसरीची मंडळी मोठी. हॉल भाड्याचा, पण स्क्रीन आहे, की-बोर्ड आहे, मीडिया टीम आहे. लॉकडाऊनमध्ये आम्ही उपासना लाइव्ह करायला लागलो. तेव्हा दुसरा इलाज नव्हता, आणि खरं सांगतो, त्या दिवसांत त्या फोनच्या चौकटीनं कित्येकांना धरून ठेवलं. नंतर हॉल उघडला, पण लाइव्ह काही बंद झालं नाही. मग लाइव्हचे रील झाले. मी अर्धा तास घसा कोरडा करून बोललेलं आमची टीम तीस सेकंदांत बसवते आणि खाली रडकं संगीत लावते. "पाळकसाहेब, जरा जोरात बोला शेवटी, क्लिप चांगली निघते," असंही सांगते. मी तोंड उघडण्याआधी 'आमेन' लिहिणारे आहेत. कुणी लिहितं, वडील आयसीयूत आहेत, प्रार्थना करा. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागते आणि सगळे पुढच्या व्हिडिओकडं जातात. मी हे बाहेर उभा राहून म्हणत नाही. किती जण बघून राहिलेत, ते मीही उपासना संपल्यासंपल्या पाहायचो, आणि आकडा बरा असला की जेवण गोड लागायचं.

टीमनं एकदा सांगितलं, तुमच्या गावाकडून बरेच लोक जोडले जातात. मी फुशारून बाबांना फोन केला, "बाबा, सगळं बाळापूर मला बघतं."

"व्हय," बाबा म्हणाले. "समदे घरीच आसतात."

मी हसलो. ते हसले नाहीत, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

मग आई गेली. मी तिचा फोटो टाकला, त्यावर शेकड्यानं हात जोडले गेले. आमच्या भोसरीच्या इमारतीतलेच काही जण पुढं जिन्यात भेटले ते म्हणाले, "कमेंट केली होती, पाहिली ना?" बाळापुरात तेव्हा कमळामावशी, म्हणजे आमच्या शेजारची म्हातारी, बाबांसाठी रोज पिठलं-भाकरी घेऊन येत होती आणि ते जेवेपर्यंत उंबऱ्यात बसून राहत होती.

आई गेल्यावर रविवारी दुपारी मला गावाकडून वेगवेगळ्या नंबरांवरून फोन येऊ लागले. एकदा कमळामावशीचा, एकदा जुन्या दुकानदाराचा, एकदा कुणाचा तरी, ज्याचा आवाजच मला ओळखू आला नाही. "काय काम होतं?" मी विचारायचो. "काई न्हाई, आसंच," असं म्हणून ते ठेवून द्यायचे. मला वाटायचं, काहीतरी अडचण आहे आणि सांगायला लाजतात. ती वेळ माझी कमेंट वाचायची. पुष्कळदा फोन वाजत राहायचा, आणि मी नंतर हात जोडल्याचं चिन्ह पाठवून द्यायचो.

गेल्या हिवाळ्यात बाबांचा फोन आला. ते कधी आपणहून करत नाहीत. म्हणाले, "शमू, रविवारचं बंद करावं म्हणून राहिलो. तिघं-चौघं येतात. माझी नजरबी गेली आता. खोलीची किल्ली कुणाला देऊ, ते सांग."

"लोक काहून येत न्हाईत, बाबा?" तोंडातून बाळापूरचीच भाषा निघाली.

"तुला पाहून राहिलेत की घरी बसून. तू आमच्यापेक्षा चांगलं बोलतोस. त्यांची काय चूक?"

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. ज्या खोलीत मला पहिल्यांदा उभं राहून वाचायला लावलं, ती खोली माझ्याच आवाजानं रिकामी केली होती.

पुढच्या शनिवारी मी गावाकडं कुणाला न कळवता निघालो. भोसरीला माझ्या जागी दुसरे पाळक बोलणार होते. रविवारी सकाळी बाळापूरला पोचलो तेव्हा उपासना सुरू झाली होती. पत्र्याच्या त्या खोलीत मी मागं चपलांजवळ बसलो. पुढं कमळामावशी, आणखी दोन बायका, एक म्हातारा. मावशीनं वळून पाहिलं, मला ओळखलं आणि पुन्हा पुढं वळली. बाबांना मी दिसणं शक्य नव्हतं.

शेवटची प्रार्थना झाली. बाबांनी नावं घ्यायला सुरुवात केली. न आलेली माणसं फार आणि आलेली इतकी थोडी की एकेकावर पाच-सहा घरं येत होती. "मी जाते," मावशी म्हणायची. पुढचं नाव. "मी जाते." तिला धड उभं राहता येत नव्हतं, भिंतीला धरून बसली होती. सगळ्या गावची नावं संपली, आणि मला वाटलं आता संपलं. तेवढ्यात बाबा म्हणाले, "आमचा शमुवेल."

"ह्या खेपंला माझी पाळी," मावशी मागं माझ्याकडं बघत म्हणाली. "पण फोन उचलत न्हाई तो. तकलीफ आसंल त्याला काई कामाची."

ते फोन कशाचे होते, हे मला तेव्हा कळलं. आईनंतर माझं नाव त्यांनी वाटून घेतलं होतं. पाळीपाळीनं माझ्याकडं येत होते सगळे, आणि मी त्यांना काम विचारत होतो. मी उठलो. मावशी म्हणाली, "आलाय हो तो. मागं बसलाय." बाबांनी मान आवाजाच्या दिशेला वळवली, आणि बराच वेळ तशीच ठेवली.

त्या दिवशी मावशीच्या वाट्याची सगळी नावं मी उचलली. पहिल्याच घरी दार उघडणारा माणूस मला पाहून म्हणाला, "आरं, आज लाइव्हला दिसले न्हाईत तुमी?" मी म्हणालो, "मी इथं खोलीत होतो. तुमीच दिसले न्हाईत." तो ओशाळला, मीही ओशाळलो, मग त्यानं चहा टाकला. उपदेश केला नाही. ऐकत बसलो. संध्याकाळपर्यंत इतकं ऐकलं की तेवढं भोसरीत वर्षभरात ऐकलं नसेल.

लाइव्ह आता बंद आहे. व्हिडिओ पूर्ण बंद नाही केले, कारण मस्कतला, सुरतेला ड्यूटी करणारे आमचे लोक आहेत, अंथरुणाला खिळलेले आहेत. व्हिडिओ रविवारी संध्याकाळी टाकतो, बाळापूरची उपासना आटोपून खोली बंद झाल्यावर. आमच्या कमिटीला हे पटलेलं नाही, बघणारे कमी झाले. आणि भोसरीत मी शेवटी नावं घ्यायला लागलो. एक गृहस्थ म्हणाले, पाळकसाहेब, हे प्रायव्हसीत येतं. पहिल्या रविवारी पहिलं नाव कुणी उचलेना, म्हणून मी ते पुन्हा घेतलं. मग मागच्या रांगेतून, रात्रपाळी करून आलेली एक नर्स म्हणाली, "मी जाते, वाटेवरच आहे."

बाळापूरची खोली अजून चालू आहे. भरत नाही, पण किल्ली बाबांकडंच आहे. मी तिथं राहत नाही, आता राहणारही नाही. पोरं पुण्याचीच झाली. पण दर रविवारी तिथं माझं नाव घेतलं जातं आणि कुणीतरी ते उचलतं. घर म्हणजे मला आता एवढंच कळतं.

काल दुपारी फोन वाजला. मी लॅपटॉप मिटला.

"आला न्हाईस आज," मावशी म्हणाली.

"न्हाई आलो, मावशे. कोण कोण आलं, सांग."

ती सांगत गेली, आणि मी ऐकत बसलो.