अंगठ्याचा खळगा

माझ्या मित्रानं, सदानं, आज आपल्या सुजलेल्या घोट्यावर अंगठा दाबला. पडलेला खळगा बराच वेळ भरून आला नाही. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो.

घाटाखालच्या गावातले धोंडूमामा दरवर्षी आमच्यासाठी असंच करतात. पावसाळा सरत आला की जंगलातल्या कच्च्या वाटेत काठी रोवतात आणि किती रुतली ते फोनवर सांगतात. चार बोटांपेक्षा जास्त रुतली, तर आमची जीप निघत नाही. सदा चालवतो, मी शेजारी बसतो.

सकाळी त्यानंच फोन लावला. मामा म्हणाले, "अजून वीतभर जातीय. दिवाळीनंतर या, वाट कुठं पळून जात नाही." सदानं कॅलेंडरची पानं उलटून नोव्हेंबरात एक गोल केला. त्याच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून जे सांगितलं, त्यात नोव्हेंबर नव्हता.

इतक्या वर्षांत आम्ही एवढंच शिकलो, की ओल असली की तारीख पुढे ढकलायची. पुढे काही नसेलच तर काय करतात, कोण जाणे.

सदानं पायजमा घोट्यावर ओढून घेतला.

"अजून ओल आहे रे," तो म्हणाला. "थांबू थोडं."

मी म्हटलं, "थांबू."